बापाची दारू लेकरांच्या रक्तात उतरते का?

कल्याणहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नका, अशी तिची विनंती आहे आणि ती योग्यच आहे. पत्र मोठे आहे, म्हणून थोडक्यात सांगते. तिचा नवरा वीस वर्षे दारू पीत होता. बाहेर कुणाला कळू नये म्हणून तिने आणि तिच्या सासूने जिवाचे रान केले. शेजारीपाजारी विचारले तर ‘त्यांना पित्ताचा त्रास आहे’ असे सांगायचे. तीन वर्षांपूर्वी पोटात पाणी होऊन तो वारला. मुलगी चोवीस वर्षांची आहे, बी.एड. झाली आहे, शाळेत शिकवते. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, कॉलेजात जातो. ईदनंतर मुंब्र्याचे एक स्थळ चालून आले. मुलगी पसंत पडली, देण्याघेण्याचेही काही नव्हते. आठवड्याने निरोप आला, की बाप दारुडा होता असे बाहेरून कळले, असले रक्त आमच्या घरात नको.

त्या रात्री मुलगी आईला काही बोलली नाही. सकाळी उठून डबा घेऊन शाळेत गेली. आईला मात्र झोप नाही. तिने तीन प्रश्न विचारले आहेत. दारूचे व्यसन खरेच रक्तातून येते का? येत असेल तर मुलाला आणि मुलीला सारखेच येते का? आणि माझ्या मुलाला यातून वाचवायला मी आज काय करू?

कल्याणमध्ये दवाखाना चालवताना हे प्रश्न मी अनेकदा ऐकले आहेत. बहुतेक वेळा दार लावून घेतल्यावर, हळू आवाजात. म्हणून या महिन्याचे सगळे पान मी या पत्राला देत आहे.

पहिला प्रश्न : रक्तातून येते का?

उत्तर ‘हो’ही आहे आणि ‘नाही’ही आहे. दारूचे व्यसन जसेच्या तसे बापाकडून मुलाकडे जात नाही. जाते ती व्यसन लवकर जडण्याची शक्यता. या दोन गोष्टींत फार मोठे अंतर आहे आणि मुंब्र्याच्या त्या घराने नेमके तेच ओळखले नाही.

संशोधकांनी हे कसे शोधले ते पाहा. दारुड्या बापाचा मुलगा दारू पिऊ लागला तर त्याने ती घरात पाहून उचलली की जन्मतःच काही घेऊन आला, हे कळायचे कसे? डेन्मार्कमध्ये दत्तक मुलांच्या नोंदी चांगल्या ठेवलेल्या होत्या. १९७३ साली डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांना जन्मानंतर काही आठवड्यांतच परक्या घरी दत्तक दिले होते. ज्यांच्या जन्मदात्याला व्यसन होते, त्या मुलग्यांत दारूचे व्यसन १८ टक्के निघाले. ज्यांच्या जन्मदात्याला व्यसन नव्हते, त्यांच्यात ५ टक्के. बापाचा चेहराही न पाहिलेल्या मुलांत हा फरक होता. म्हणजे जन्माबरोबर काहीतरी येते, हे मान्य करावे लागते.

त्यानंतर जुळ्यांवर पुष्कळ अभ्यास झाले. सगळे एकत्र पाहिले तर दारूच्या व्यसनातला सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक आणि निम्मा परिस्थितीचा, असे चित्र दिसते. इथे एक चूक सगळे करतात. ‘निम्मा वाटा’ म्हणजे तुमच्या मुलाला व्यसन लागण्याची शक्यता ५० टक्के, असा त्याचा अर्थ नाही. समाजातल्या माणसामाणसांत व्यसनाच्या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला निम्मा जन्मजात फरकामुळे आहे, एवढाच त्याचा अर्थ. दारुड्या आई-बापांच्या मुलांना इतरांपेक्षा धोका सुमारे तीन-चार पट जास्त असतो हे खरे. पण त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांना दारूचे व्यसन कधीच लागत नाही, हेही तितकेच खरे आहे. पहिले वाक्य लोकांना पाठ असते, दुसरे कुणी सांगत नाही.

आणि ‘दारूचा जनुक’ असा एकच कुठलाही जनुक नाही. २०२३ साली दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दारूच्या समस्येशी संबंध असलेल्या ११० जागा जनुकांच्या नकाशावर सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम अगदी थोडा. कुणाच्या वाट्याला त्यातल्या जास्त येतात, कुणाच्या कमी. रक्त तपासून ‘हा मुलगा दारुडा होणार’ असे सांगणारी चाचणी त्यामुळे नाही. कुणी पैसे घेऊन तशी चाचणी करून देतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

शरीरात नेमके काय वेगळे असते?

दारू पोटात गेली की यकृत तिचे आधी एका विषारी पदार्थात रूपांतर करते. त्याला अॅसिटाल्डिहाइड म्हणतात. मग दुसरे एक एन्झाइम त्या विषाचे निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करते. चीन, जपान, कोरियातल्या पुष्कळ लोकांत हे दुसरे एन्झाइम जन्मतःच दुबळे असते. त्यांनी थोडी दारू घेतली तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते. असे लोक सहसा व्यसनापर्यंत पोहोचत नाहीत, कारण शरीरच त्यांना अडवते. आपल्या देशात हा दुबळेपणा फारच कमी लोकांत आहे. म्हणजे तो पहारेकरी बहुतेकांच्या दारात नाही.

दुसरी गोष्ट आईबापांनी नीट लक्षात ठेवावी. अमेरिकेत डॉ. मार्क शुकिट यांनी दारुड्या बापांच्या विशीतल्या मुलांना ठरावीक मात्रेत दारू देऊन पाहिली. त्यातल्या पुष्कळ मुलांवर इतर मुलांच्या मानाने परिणाम कमी झाला. तोल कमी गेला, डोके कमी जड झाले. साधारण दहा वर्षांनी त्यांची पुन्हा चौकशी केली. दारुड्यांच्या मुलांपैकी ज्यांना सुरुवातीला कमी चढली होती, त्यांच्यातले ५६ टक्के व्यसनी झाले होते. ज्यांना लवकर चढली होती, त्यांच्यातले १४ टक्के.

आपल्याकडे पोरे काय म्हणतात? ‘मला काही होत नाही, मी पचवतो.’ मित्र त्याला मर्द म्हणतात. खरे तर ज्याला चढत नाही त्याला थांबण्याची खूण मिळत नाही, म्हणून तो जास्त पितो आणि लवकर अडकतो. बापाला व्यसन असलेला मुलगा हे वाक्य बोलला तर ती बढाई समजू नका, धोक्याची घंटा समजा.

तिसरी गोष्ट स्वभावाची. काही मुले जन्मतःच उतावळी असतात. परिणामाचा विचार नंतर करतात, जोखीम त्यांना आवडते. हा स्वभावही काही अंशी वारशाने येतो आणि व्यसनाच्या वारशाशी जोडलेला आहे. असे मूल वाईट नसते. त्याला मैदान, काम आणि शिस्त लवकर लावावी लागते, इतकेच.

दुसरा प्रश्न : मुलीला किती, मुलाला किती?

याबाबत डॉक्टरांचीही बरीच वर्षे चूक झाली. डेन्मार्कच्या त्याच गटाने १९७७ साली दत्तक मुलींचा अभ्यास केला तेव्हा दारुड्यांच्या मुलींत आणि इतर मुलींत फरक दिसला नाही. त्यावरून हा वारसा पुरुषांचाच, असा समज पसरला. पण त्या अभ्यासात मुली थोड्या होत्या आणि त्या काळात तिथल्या बायका पुरुषांच्या मानाने फार कमी पीत. जिथे कुणी पीतच नाही, तिथे वारसा दिसणार कसा?

१९९२ साली केनेथ केंडलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात जुळ्या बहिणींच्या हजारांहून अधिक जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बायकांतही आनुवंशिक वाटा ५० ते ६० टक्क्यांच्या घरात निघाला. पुढे २०१५ साली जुन्या-नव्या अभ्यासांची एकत्र मोजणी झाली, तेव्हा पुरुष आणि स्त्रिया यांच्या वारशात फरक असल्याचा पुरावा मिळाला नाही. वारसा मुलाला आणि मुलीला सारखाच मिळतो. आईकडूनही येतो, बापाकडूनही येतो.

मग आपल्याकडे बायका व्यसनी का दिसत नाहीत? कारण वारशाला काम करायला दारू लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात पंधरा वर्षांवरचे सुमारे १९ टक्के पुरुष दारू घेतात असे दिसले. स्त्रियांत हे प्रमाण एक टक्क्याच्या जरा वर आहे. महाराष्ट्रात ते त्याहून कमी. शेतात बी पडले आणि पाणीच मिळाले नाही तर ते उगवत नाही. बी नव्हते असे मात्र म्हणता येत नाही.

आणि जी स्त्री पिऊ लागते, तिचे नुकसान पुरुषापेक्षा लवकर होते. स्त्रीच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असतो, त्यामुळे तेवढ्याच दारूचे प्रमाण रक्तात जास्त चढते. जठरात दारू मोडणारे एन्झाइमही तिच्यात कमी असते. यकृत लवकर बिघडते. पहिल्या घोटापासून व्यसनापर्यंतचा रस्ता बायकांत बहुधा छोटा असतो. त्यात लाजेपोटी ती डॉक्टरकडे शेवटी येते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ नावाचा वेगळा विभाग काढावा लागला, तो उगाच नाही.

आपल्या घरातल्या मुली दारू पीत नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नये. व्यसनाच्या वारशाचा काही भाग सगळ्या नशांना सामाईक असतो. तो मशेरीतून दिसू शकतो, झोपेच्या गोळ्यांतून दिसू शकतो, कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधातून दिसू शकतो. अशा घरातल्या मुलीला किंवा सुनेला झोपेची गोळी लिहून मिळाली असेल तर डॉक्टरांना घरातला इतिहास सांगावा आणि ठरलेल्या दिवसांपलीकडे ती गोळी मेडिकलमधून आणू नये. मुलांच्या बाबतीत ‘बटण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवरही तितकीच नजर हवी.

तिसरा प्रश्न : मुलासाठी आज काय करू?

भगिनी, तुमच्या मुलाच्या जनुकांवर तुमचा हात नाही. पण उरलेल्या निम्म्या वाट्यावर आहे. त्यातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पहिल्या घोटाचे वय. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दिसले आहे, की पंधराव्या वर्षाआधी दारू सुरू करणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांना पुढे व्यसन लागले, तर विशीत किंवा नंतर सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे १० टक्क्यांना. दर लांबलेले वर्ष मुलाच्या फायद्याचे आहे. कधीच सुरू झाली नाही तर प्रश्नच उरत नाही.

आपल्या दीनमध्ये दारू हराम आहे, हे तुमच्या मुलाला मक्तबपासून माहीत आहे. ज्याच्या शरीरात हा वारसा आहे, त्याच्यासाठी ‘एकही घोट नाही’ हा नियम सर्वांत भक्कम तटबंदी आहे. ‘थोडी घेतली तर काय होते’ हे इतरांच्या बाबतीत कदाचित चालून जाते, त्याच्या बाबतीत चालत नाही. पण नुसते ‘हराम आहे’ म्हणून थांबू नका. त्याच्या वडिलांनाही ते माहीत होते. मुलाला खरी गोष्ट सांगा. अब्बांना पित्त नव्हते, दारूचा आजार होता. तो कसा सुरू झाला, कुठे थांबता आले असते, आपण मदत का मागितली नाही, हे सांगा. ज्या मुलाला बापाच्या मृत्यूचे कारण खोटे सांगितले जाते, त्याला स्वतःचा धोका कळणार कुठून? मधुमेही बापाच्या मुलाला आपण साखर जपायला सांगतो की नाही? तसेच हे.

बोलताना एकच सांभाळा. ‘तू बापावर गेलास’ हे वाक्य घरात कधीही उच्चारू नका. पोरगा रागावला, उशिरा आला, पैसे उडवले, तरी नाही. हे वाक्य ऐकून ऐकून पोरे ठरवून टाकतात, की आपल्या हातात काही नाही. आता शिक्षण संपून तो ऐरोली-ठाण्याच्या कुठल्या ऑफिसात लागेल. तिथे पार्ट्या होतील. नाही कसे म्हणायचे हे त्याने आधीच ठरवून ठेवावे. ‘आमच्या घरात हा आजार आहे, मी घेत नाही’ एवढे एक वाक्य पुरते. यात शरमेचे काही नाही.

स्वीडनमधल्या दत्तक मुलांच्या मोठ्या अभ्यासात असे दिसले, की जन्मदात्यांच्या व्यसनाचा परिणाम होतो तसाच पालनकर्त्यांच्या वागण्याचाही होतो. म्हणजे घरात चाचा, मामा, मोठा भाऊ कसे वागतात, याला वजन आहे. मुलाशी मोकळे बोलेल असा एखादा मामा शोधा आणि त्याला ही जबाबदारी द्या.

ज्या घरात आज कुणी पीत आहे

पत्र लिहिणाऱ्या भगिनीचा नवरा गेला. पण हे वाचणाऱ्या काही घरांत तो माणूस आजही आहे. मुस्लिम पुरुषांत पिण्याचे प्रमाण कमी आहे, पण शून्य नाही, आणि आपल्यात लपवाछपवी जास्त आहे. दिल्लीच्या एम्सने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या व्यसनात अडकलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळतो. उरलेल्या सदतीस घरांत बहुधा ‘पित्ताचा त्रास’ असतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच जायला हवेत. आणि लोकलच्या डब्यात ‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’ अशी जी पत्रके चिकटवलेली असतात, त्यांच्या नादी लागू नका. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे. ते वर सांगितलेले दुसरे एन्झाइम बंद पाडते, म्हणजे चिनी-जपानी लोकांत जे जन्मतः असते ते औषधाने घडवून आणते. माणसाला माहीत असेल आणि त्याची तयारी असेल तर ते उपयोगी पडते. न सांगता भाजीत मिसळले आणि तो बाहेर जाऊन प्यायला, तर हृदयावर बेतू शकते. हे औषध डॉक्टरांनी द्यायचे आणि रोग्याने स्वतः घ्यायचे. दारूची ओढ कमी करणारी इतर औषधेही आहेत.

मदत दूर नाही. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. नावाला घाबरू नका, व्यसनही तिथे आजार म्हणूनच पाहिले जाते. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आय.पी.एच. ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा क्रमांक आहे. दोन्ही मोफत आहेत. पिणारा तयार नसला तरी घरच्यांनी आधी फोन करायला हरकत नाही.

आणि निकाहचे काय?

मुंब्र्याच्या त्या घराला मला एवढेच सांगायचे आहे, की तुम्ही प्रश्न चुकीच्या माणसाबद्दल विचारला. बाप काय पीत होता यापेक्षा मुलगी किंवा मुलगा स्वतः काय करतो ते विचारा. नोकरी टिकवतो का, राग आला की कसा वागतो, मित्र कोण आहेत, एखादी नशा आहे का, हे विचारा. बापाच्या व्यसनातून मार्ग काढत शिकलेली आणि नोकरी करणारी मुलगी घर चालवायला कमी पडेल, असे का वाटावे? शिवाय असल्या वारशाचा थोडाफार अंश नाही असे घर शोधायला गेलात, तर ठाणे जिल्ह्यातच काय, कुठेच मिळणार नाही. आपल्याच मामा-चुलत्यांची नावे आठवून पाहा.

भगिनी, एक कडू गोष्ट तुम्हालाही सांगते. ती गोष्ट त्यांना तुमच्याकडून कळली नाही, बाहेरून कळली. नकारामागे रक्ताची भीती होती, तशी ‘आणखी काय लपवले असेल’ ही शंकाही असू शकेल. पुढचे स्थळ येईल तेव्हा दुसऱ्या बैठकीत तुम्हीच सांगा, की मुलीच्या अब्बांना दारूचा आजार होता, त्यातच ते गेले, मुलांना त्याचा स्पर्श नाही. ज्यांना उठून जायचे ते जातील. जे बसतील त्यांच्या घरात तुमची मुलगी मान खाली घालून राहणार नाही. मात्र सांगायच्या आधी मुलीला विचारा. गोष्ट तिच्या आयुष्याची आहे.

आणि त्याआधी आजच रात्री जेवण झाल्यावर दोन्ही मुलांना जवळ बसवा. वीस वर्षे जे कुणाला सांगितले नाही, ते आधी त्यांना सांगा.